ढब्बूच्या पायासाठी शुक्रवारच्या आत मदत हवी आहे

रविवारी रात्री डहाणूकर कॉलनीतल्या एका गल्लीत उभी असलेली गाडी निघाली आणि चाकाशी झोपलेलं कुत्र्याचं पिल्लू किंचाळलं. थंडीत इंजिनाच्या उबेला पिल्लं गाडीखाली शिरतातच. गाडीवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांनीच त्याला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेलं. पिल्लाचं नाव ढब्बू. वय चार महिने, पुढचे दुधाचे दात आत्ता कुठे पडायला लागलेत. मागचा उजवा पाय लोंबतोय, तरी डबा वाजला की शेपूट हलवत उठतो आणि तोल जाऊन पडतो.

एक्स-रेत मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर सुटलेलं दिसलं. पिल्लांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. हाड वाढतं तिथून, आणि सगळ्यात कच्चंही तिथेच.

"प्लास्टर घाला की, एवढा खर्च कशाला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. पुढच्या पायाचं काही वेळा प्लास्टरवर भागतं, मांडीचं नाही. मोडलेलं हाड हलू नये म्हणून वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधावे लागतात, आणि कुत्र्याच्या खुब्यावर प्लास्टर टिकत नाही. शिवाय पाय ताठ बांधून ठेवला, तर मांडीचे पुढचे स्नायू आखडतात आणि गुडघा पुन्हा वाकतच नाही. असा काठीसारखा पाय ओढत फिरणारं कुत्रं तुम्हीही पाहिलं असेल.

म्हणून ऑपरेशन. दोन गुळगुळीत पिना एकमेकींना छेद देतील अशा तिरक्या घालायच्या. तिथे प्लेट आणि स्क्रू ठोकले तर वाढ खुंटते. गुळगुळीत पिनांवर हाड वाढू शकतं. घाई का, तर पिल्लाचं हाड फार लवकर जुळतं, आणि सरकलेलं असलं तर तसंच वाकडं जुळतं. मग सर्जनना आधी ते सोडवत बसावं लागतं.

शुक्रवारी सकाळची वेळ मिळाली आहे. भूल, पिना, ऑपरेशन आणि नंतरचे एक्स-रे धरून अंदाज १८,००० रुपयांचा. गटात ६,५०० जमले, ११,५०० कमी पडतात. पैसे आमच्या हातात देऊ नका. दवाखान्यात ढब्बूच्या नावावर भरा आणि पावती मागून घ्या. पत्ता संध्याकाळी खाऊ घालायला येणाऱ्या आमच्या कोणत्याही कार्यकर्त्याकडे मिळेल. उरले तर त्याच्या दोन भावंडांच्या लसी होतील.

खरी अडचण पुढची आहे: सहा आठवडे त्याला ठेवणार कोण? पिंजरा आमच्याकडे आहे. जिने नकोत, उड्या नकोत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी हवी. डॉक्टर दाखवतील तसा गुडघा दिवसातून तीनदा हळूहळू वाकवायचा. घरी दुपारी कुणी असेल अशांनी जरूर कळवा.

जुन्या चादरीही लागतील. सुती द्या, नायलॉनचं काही मिळालं की तो चावून गिळतो.