आप्पा, फोनवर राहिलं ते

ब्लूमिंग्टन, इंडियाना

आई, आप्पा,

परवा फोनवर मी पुढं डॉक्टरेट करायचं म्हणाले आणि आप्पा एकदम गप्प झाले, तेवढ्यात मावशी आली आणि बोलणं राहूनच गेलं, म्हणून टाइप करून पाठवतेय, छोटीला मोठ्यानं वाचायला सांगा. मी बरी आहे. जेवते नीट. थंडी आहे पण खोलीत हीटर असतो, उलट त्यानं हवा इतकी कोरडी होते की व्हायोलिनचा सरसानं चिकटवलेला जोड उघडायची भीती, भुसावळला त्या मे महिन्यात उघडला होता तसा. आई, तू तेव्हा ओलं फडकं टांगायचीस ना, मी पण रोज रात्री टॉवेल ओला करून टांगते. यासाठी मशीन मिळतं, पण टॉवेलवर भागतंय.

आणि आई, रिसायटलचा, म्हणजे माझ्या वादनाच्या कार्यक्रमाचा, व्हिडिओ पाहून तू म्हणालीस लोकांनी टाळ्याच नाही वाजवल्या, आवडलं नाही का. तसं नाही गं. इथं एका रचनेचे तीन-चार भाग असतात, एक भाग संपला तरी टाळी वाजवायची नाही, सगळे संपले की मगच. मधे कुणी 'वाह' म्हणत नाही, मानही डोलवत नाही. खोकला आला तरी दाबून धरतात आणि भाग संपला की अख्खा हॉल एकदम खोकून घेतो, मग परत चिडीचूप. आपल्याकडे कीर्तनात बुवांनी जरा तान घेतली की पुढं बसलेली म्हातारी माणसं कशी दाद देतात, तशी इथं कुणी दिली तर सगळे वळून बघतील. पहिलं वर्षभर मला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. शेवटी उभे राहिले होते सगळे, तेवढंच नेमकं व्हिडिओत आलं नाही.

आता डॉक्टरेटचं. आप्पा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मास्टर्स झाल्यावर अजून किती शिकायचं. पण ही पीएचडी नाही, डीएमए म्हणतात, डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स, यात लिहिण्यापेक्षा वाजवणं जास्त, रिसायटल, लेखी-तोंडी परीक्षा, शेवटी एक छोटा प्रबंध, तीन वर्षं तरी धराच. ऑर्केस्ट्रात डिग्री कुणी बघत नाही, निवडताना पडद्यामागून वाजवून घेतात. कॉलेजात शिकवायचं तर मात्र बहुतेक ठिकाणी ती मागतात, आणि मला शिकवायचंच आहे. 1 डिसेंबरच्या आत रेकॉर्डिंग पाठवायचं, जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन, आणि हो-नाही 15 एप्रिलपर्यंत कळवायचं. असिस्टंटशिप मिळाली, म्हणजे फी माफ आणि शिकवायचे महिन्याला पैसे, तरच जाणार, नाहीतर नाही. तुमच्या रिटायरमेंटच्या पैशाला हात लावायचा नाही. तो घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबचा पैसा आहे.

लोनचा हप्ता मीच भरणार. या महिन्यात 200 डॉलरच पाठवले, अर्जांच्या फीमध्ये बरेच गेले, आणि व्हिसामुळे आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही. पुढच्या महिन्यात भरून काढते.

फैजपूरच्या स्थळाच्या लोकांना माझ्यासाठी ताटकळत ठेवू नका, सरळ नाही सांगा. छोटीचं बघा आधी. ती म्हणते ताईचं झाल्याशिवाय नको, पण तिनं माझ्यासाठी का थांबायचं, आजीच्या वेळी पण सगळं तिनंच केलं, मी नव्हते. तिच्या लग्नाची तारीख तेवढी 10 मेच्या पुढची धरा, माझी परीक्षा संपलेली असेल. तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही.

तुमची,
मोठी