बाबा, तुमच्यासारखाच एक ट्रॉम्बोनवाला

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगणार होतो पण दरवेळी गाडी बीपीच्या गोळ्यांवर घसरते आणि राहून जातं, म्हणून लिहितोय.

काल ६ नोव्हेंबर, इथे वॉशिंग्टनच्या एका जुन्या कब्रस्तानात गेलो होतो. जॉन फिलिप सूझा ह्या अमेरिकन बँडमास्तर-संगीतकाराचा वाढदिवस, जन्म १८५४ चा, आणि अजूनही मरीन बँडवाले (इथल्या मरीन सैन्याचा बँड) त्या दिवशी थडग्यापाशी येऊन वाजवतात. आई, सूझा म्हटल्यावर तू विचारणार गोव्याचा का म्हणून, तर नाही, पण वडील मूळचे पोर्तुगीजच. आणि बाबा, ते वडील मरीन बँडात ट्रॉम्बोन वाजवायचे!

पोरगा १३ वर्षांचा असताना सर्कसच्या बँडबरोबर पळून जायच्या बेतात होता, बापाला कुणकुण लागली तसं त्यांनी त्याला उचलून मरीन बँडातच शिकाऊ म्हणून भरती केलं. पुढे १८८० मध्ये, पंचविशीतच, हा त्याच बँडचा प्रमुख झाला, १२ वर्षांत पाच राष्ट्राध्यक्ष बघितले, मग १८९२ ला नोकरी सोडून स्वतःचा बँड काढला आणि जगभर फिरला. शंभराच्या वर मार्च, म्हणजे संचलनाच्या धुना, लिहिल्या. त्यातला वॉशिंग्टन पोस्ट मार्च १८८९ चा, एका पेपरच्या निबंध स्पर्धेच्या बक्षीस समारंभासाठी केलेला, तो जगभर गाजला आणि ह्याला मिळाले ३५ डॉलर, बाकी सगळं प्रकाशकाच्या खिशात. (तुमच्या ओव्हरटाईमसारखंच.)

लग्नाच्या बँडात अंगाभोवती वेटोळं घालून ते मोठं भोंगं वाजवतात ना, सूझाफोन, तो ह्याच्याच सांगण्यावरून बनला. आधी त्याचं तोंड वर आभाळाकडे असायचं, लोक चेष्टेने म्हणायचे की हा पाऊस पकडायला ठेवलाय. रेकॉर्डचा तर ह्याला मनापासून राग, डबाबंद संगीत म्हणायचा. म्हणजे तुमचं डीजेबद्दलचं भाषण १९०६ मध्येच छापून आलंय बघा.

गेला तोही कामावर असतानाच, १९३२ मध्ये, ७७ वर्षांचा असताना, दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून बँडची तालीम घेतली आणि त्याच रात्री हॉटेलात गेला. शेवटचा वाजवून घेतलेला तुकडा त्याचाच, स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर.

बाबा, एक सांगायचंय. शाळेत मला पोरं ढमढमवाल्याचा पोरगा म्हणायची आणि १५ ऑगस्टला तुमचा पोलीस बँड ग्राउंडवर आला की मी मुद्दाम मागच्या रांगेत लपायचो. तुम्हाला वाटायचं मला ऊन सोसत नाही. काल तिथे उभा राहिलो तर ट्रॉम्बोनवाला बरोबर माझ्यासमोर, त्याची स्लाईड पुढे आली की मी मागे सरकत होतो, लहानपणी घरात सरकायचो तसाच.

तुमचा कपाटावरचा ट्रॉम्बोन खाली काढा की. दम लागत असेल तर वाजवू नका, नुसती स्लाईड पुसून तेल घाला, जानेवारीत आलो की बघतो. आई, त्यांना स्टुलावर चढू देऊ नकोस, शेजारच्या कुणाला तरी हाक मार.

तुमचा,
बाळू