आई, पापनिवेदनाला जाण्याआधी हे वाच

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आपण रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होतो. आई, येशू-मरियेच्या जीवनातल्या एकेका रहस्यानंतर ‘नरकाच्या अग्नीपासून वाचव’ ही ओळ आली की तुझा आवाज अडखळत होता. शेवटी तर ती तू दोनदा म्हटलीस. मग हळूच विचारलंस, ‘तरुणपणीची ती पापं मी नीट सांगितली असतील ना गं?’ मागून बाबा म्हणाले, ‘भीती वाटते तेच बरं. हल्ली नरकाचं नाव कोणी घेत नाही, म्हणून तर माणसं बिघडली.’ दोघांनाही सविस्तर सांगायचं होतं, म्हणून लिहिते आहे.

बाबा, आधी तुमचं. नरकाची शिकवण ख्रिस्तसभेने सोडलेली नाही. ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा जो अधिकृत ग्रंथ १९९२ मध्ये निघाला, त्या धर्मशिक्षणग्रंथातही ती स्पष्ट आहे. भीतीलाही ख्रिस्तसभा कमी लेखत नाही. नरकाच्या धाकाने पश्चात्ताप करणारा माणूस ढोंगी ठरतो, असं प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर म्हणत होते. त्यावर १५५१ मध्ये ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेने ठामपणे सांगितलं, की पाप सोडायचा निश्चय आणि क्षमेची आशा सोबत असेल तर असा पश्चात्तापही देवाचीच देणगी आहे. तो अपूर्ण असतो, पण पापनिवेदनाच्या संस्कारात, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, क्षमा मिळायला पुरतो. देवावरच्या प्रीतीतून होतो तो परिपूर्ण पश्चात्ताप. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या पुस्तकात नरकाचं चिंतन ठेवलं, त्याचं कारणही त्यांनी तिथेच दिलंय: माझ्या दोषांमुळे प्रभूवरचं प्रेम विसरलो, तर निदान शिक्षेच्या भीतीने तरी पाप टळावं. म्हणजे पहिली जागा प्रेमाचीच.

संत ऑगस्टीन भीतीला सुई म्हणतात आणि प्रीतीला दोरा. सुई आत शिरल्याशिवाय दोरा जात नाही, पण सुई बाहेर निघाल्याशिवाय दोऱ्याला जागाही मिळत नाही.

आई, तुझी सुई आत अडकून राहिली आहे आणि ती टोचतेय. मला त्याचंच वाईट वाटतं, कारण प्रीती तुझ्यात कधीच कमी नव्हती. मिस्सा संपून सगळे निघून गेले तरी तू पवित्र साक्रामेंतासमोर, चर्चमध्ये ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर, बसून राहायचीस. हातात जपमाळ नाही, ओठ हलत नाहीत, नुसती बघत बसलेली. मी कंटाळून तुझा हात ओढायचे आणि तू म्हणायचीस, ‘थांब गं, थोडं बसू दे.’ शिक्षेला घाबरलेलं माणूस असं रेंगाळत नाही.

संत फ्रान्सिस डी सेल्स पॅरिसमध्ये शिकत असताना, १५८६ च्या सुमारास, त्यांच्या मनाने घेतलं की आपण नरकातच जाणार. अन्न जाईना, झोप लागेना. असे कित्येक आठवडे गेले. मग एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे ते देवाला शरण गेले: पुढे माझं काहीही होवो, निदान या जन्मी तरी मी तुझ्यावर प्रीती करीन. तिथेच ती भीती सुटली. पुढे ते बिशप झाले आणि १६१६ मध्ये देवाच्या प्रीतीवर त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपण नरकातून सुटणारच अशी खात्री त्यांनी मागितली नव्हती. मला हे फार धीराचं वाटतं, आणि तुलाही ते जमेल असं वाटतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. ज्या पापांची क्षमा एकदा मिळाली, ती पुन्हा सांगायची गरज नाही. प्रामाणिकपणे सांगताना एखादं विसरलं, तर तेही त्या क्षमेत आलेलं असतं. गंभीर काही नंतर आठवलं तर पुढच्या पापनिवेदनात एकदा सांगायचं, इतकंच. देव कोणालाही नरकासाठी नेमून ठेवत नाही. त्यासाठी माणसाने जाणूनबुजून त्याच्याकडे पाठ फिरवावी लागते आणि शेवटपर्यंत तशीच ठेवावी लागते. तू तर त्याचं मन दुखावलं असेल का, या विचारानेच रडतेस.

दर वेळी वेगळ्या फादरांकडे जाऊ नकोस. एकच धर. पापांच्या आधी त्यांना ही भीती सांग, आणि ते ‘पुरे’ म्हणाले की ऐक. स्पेनमधल्या मान्रेसा गावी १५२२ मध्ये इग्नेशियस यांनाही हाच त्रास झाला होता. जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगूनही समाधान होईना. शेवटी ती परत कधीही सांगायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं आणि ते मोकळे झाले.

बाबा, तुम्हीही एक करा. रात्रीच्या प्रार्थनेत पश्चात्तापाची प्रार्थना झाली की लगेच झोपू नका. प्रीतीची प्रार्थना आईबरोबर मोठ्याने म्हणा. तुमचा आवाज सोबत असला की तिला धीर येतो, हे मला माहीत आहे.

तुमची लेक