अंगठा पोचेल एवढा फोन

प्रिय नंदू,

एका हातात मावणारा, वायरचा हेडफोन लागणारा, मेमरी कार्ड बसणारा आणि बॅटरी स्वतः काढता येणारा फोन सुचव, असं एका दमात लिहून मोकळा झालास! यातल्या शेवटच्या तीन गोष्टी आजही एकत्र मिळतात. सॅमसंगच्या एक्सकव्हर मालिकेतले फोन बघ. मागचं झाकण नखाने उघडतं, बॅटरी निघते, कार्ड बसतं, हेडफोनचं ३.५ मिमीचं भोक आहे आणि एवढं असूनही आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. पण एक्सकव्हर ७ हा ८० मिमी रुंद आणि २४० ग्रॅम वजनाचा आहे, म्हणजे तुझी पहिलीच अट हातची जाते. उलट टोकाला युनिहर्ट्झचा जेली स्टार. ३ इंचांचा पडदा, भोकही आहे, कार्डही बसतं; पण त्यावर मराठीत दोन ओळी टाइप करून बघ, जोडाक्षर लिहिताना अंगठा एकाच वेळी तीन अक्षरांवर पडतो. तेव्हा कुठली अट सोडायची हे तुलाच ठरवावं लागेल. मी फक्त प्रत्येक अटीमागे काय दडलंय ते सांगतो.

पहिल्यांदा इंच विसर. जाहिरातीतला इंचाचा आकडा म्हणजे पडद्याचा कर्ण, आणि कर्ण हाताला कळत नाही. जुन्या फोनच्या पडद्याचं प्रमाण १६:९ असायचं, आता ते २०:९ च्या आसपास आलंय. साधं गणित करून बघ. ५.५ इंची १६:९ चा पडदा ६८.५ मिमी रुंद आणि १२२ मिमी उंच भरतो. ६.१ इंची २०:९ चा पडदा ६३.६ मिमी रुंद आणि १४१ मिमी उंच. इंच वाढले, रुंदी मात्र पाच मिमीने घटली. म्हणून 'सहा इंचांच्या वर नकोच' हा तुझा नियम तुलाच फसवेल. रुंदीवर पकड ठरते, उंचीवर अंगठा वरच्या पट्टीपर्यंत पोचतो की नाही ते ठरतं, आणि वजन करंगळीवर येतं. उंच फोनचा भार खाली टेकवलेल्या करंगळीवर तोलला जातो, म्हणून तितक्याच वजनाचा बुटका फोन कमी टोचतो. तीन दुखणी वेगळी आहेत, तिन्ही वेगळी मोज.

२०११ साली पहिला गॅलक्सी नोट आला तेव्हा लोक हसले होते. ५.३ इंच, ८३ मिमी रुंद, १७८ ग्रॅम. २०२४ चा गॅलक्सी एस२४ अल्ट्रा त्याच्यापेक्षा चार मिमीने अरुंद आहे, पण पंधरा मिमीने उंच आणि ५४ ग्रॅमने जड. आता कोणी हसत नाही.

छोट्यांची वंशावळ थोडक्यात सांगायची तर २०१६ चा आयफोन एसई ५८.६ मिमी रुंद आणि ११३ ग्रॅमचा होता. २०१४ चा सोनी एक्सपिरिया झेड३ कॉम्पॅक्ट ६४.९ मिमी. २०२१ चा आयफोन १३ मिनी ६४.२ मिमी. २०२३ चा असुस झेनफोन १० हा ६८.१ मिमी, भोकासकट; त्याच्या पुढच्याच वर्षीचा झेनफोन ११ अल्ट्रा ६.७८ इंचांचा निघाला. आता मोठ्या कंपन्यांच्या नव्या फोनांत सत्तर मिमीच्या खाली फारसं काही उरलेलं नाही. गॅलक्सी एस२५ हा ७०.५ मिमी, आयफोन १६ हा ७१.६ मिमी. वरून कव्हर घातलंस की रुंदीत दोन ते चार मिमी आणखी धर. अर्ध्या लोकांची 'फोन मोठा आहे' ही तक्रार खरं तर जाड कव्हरची असते.

यात कंपन्यांचा सगळाच दोष नाही, हे मान्य करायला हवं. आयफोन १३ आणि १३ मिनी शेजारी ठेव. जाडी सारखीच, ७.६५ मिमी. मिनीचं क्षेत्रफळ २० टक्क्यांनी कमी, बॅटरी मात्र सुमारे २५ टक्क्यांनी लहान: ३,२०० च्या जागी २,४०० एमएएच. मदरबोर्ड, कॅमेरे, स्पीकर, चार्जिंगचा पॉइंट हे फोनबरोबर आक्रसत नाहीत, त्यामुळे सगळी कात्री बॅटरीवर चालते. उष्णता पसरायलाही जागा कमी मिळते, म्हणून लहान फोन लवकर तापतो आणि तापला की प्रोसेसरचा वेग उतरवतो. त्यातून लहान फोनसाठी हळहळणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे. २०२२ मध्ये मिनीची जागा मोठ्या आयफोन १४ प्लसने घेतली ती उगाच नाही.

हेडफोनच्या भोकाबद्दल मात्र मी एवढा समजूतदार होणार नाही. २०१६ च्या सप्टेंबरात अॅपलने आयफोन ७ मधून ते काढलं, त्याला व्यासपीठावरून 'धाडस' म्हटलं आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरचे एअरपॉड्स दाखवले. आवळा देऊन कोहळा काढणं याहून उघड असू शकत नाही. 'पाणी शिरतं' ही सबब तर टिकतच नाही: २०१९ चा गॅलक्सी एस१० भोकासकट आयपी६८ होता. खरं कारण आतल्या जागेचं. पिन साधारण १४ मिमी आत जाते, तिच्याभोवती डबी लागते, आणि ती डबी नेमकी त्या कडेला येते जिथे स्पीकर, थरथरणारी मोटर आणि चार्जिंगचा पॉइंट आधीच दाटीवाटीने बसलेले असतात. ही अडचण खरी आहे, पण सोनीने ती २०२० मध्ये सोडवून भोक परत आणलं.

भोक नसलेल्या फोनला वायरचा हेडफोन लावायला तू अॅडॉप्टर घेणार असशील तर इथेच घोडं पेंड खातं. टाइप-सीचे अॅडॉप्टर दोन जातींचे असतात आणि बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. एकात नुसत्या तारा असतात. आवाज फोनने स्वतः तयार करून त्या पॉइंटातून बाहेर सोडावा लागतो, आणि हे थोडेच फोन करतात. दुसऱ्यात डॅक नावाची चिप असते, ती स्वतः आवाज तयार करते. तुला दुसरा हवा. ओळखायची खूण सोपी: अॅडॉप्टर लॅपटॉपच्या टाइप-सी पॉइंटात लाव. आवाजाच्या यादीत नवं उपकरण दिसलं तर आत चिप आहे. काहीच दिसलं नाही तर नुसत्या तारा. चिपवाला असूनही फोनवर गप्प बसला तर सेटिंगमध्ये ओटीजी (बाहेरची उपकरणं जोडायची सोय) शोध. काही कंपन्यांच्या फोनांत ते बटण वेगळं असतं आणि दहा मिनिटं वापर नसला की आपोआप बंद होतं. लोक अॅडॉप्टर बिघडला म्हणून फेकून देतात.

आणखी एक गंमत. जुना माइकवाला हेडफोन लावल्यावर वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल जातो, असं झालं तर हेडफोन फुटलेला नाही. पिनेवरच्या चार पट्ट्यांपैकी शेवटच्या दोन पट्ट्यांची जोडणी दोन प्रकारांनी व्हायची: एकात माइक टोकापासून चौथ्या पट्टीवर, दुसऱ्यात तिसऱ्यावर. जोडणी उलटी पडली की अर्थिंगची तार सुटल्यासारखी होते आणि डाव्या-उजव्या कानातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, तो वजा होऊन जातो. खात्री करायची असेल तर वायरवरचं कॉलचं बटण दाबून धर. दाबलेलं असेपर्यंत गाणं पूर्ववत झालं तर निदान पक्कं. माइकची गरज नसेल तर तीन पट्ट्यांचा साधा हेडफोन वापर, हा प्रश्नच येत नाही.

भोकाबरोबर एफएम रेडिओही गेला, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी तीन मीटरच्या आसपास असते. चांगल्या अँटेनासाठी तिचा चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण मीटर तार लागते. हेडफोनची वायरच ते काम करायची. वीज आणि टॉवर गेल्यावरही बातम्या ऐकवणारी ही गोष्ट फोनमध्ये होती.

कार्डाची बाजू निम्मी-निम्मी आहे. फोनच्या आतली यूएफएस ३.१ मेमरी सेकंदाला २,००० एमबीच्या आसपास वाचते, तर यूएचएस-१ जातीच्या मेमरी कार्डाचा मार्गच १०४ एमबीला संपतो. अॅप कार्डावर टाकलं की फोन रडतो आणि शिव्या कंपनीला बसतात, हे खरं. पण फोटो, गाणी, नकाशे यांना हा वेग भरपूर झाला. गॅलक्सी एस२१ ने २०२१ मध्ये कार्ड काढलं त्यामागे जास्त मेमरीचं मॉडेल जास्त दराने विकण्याचा हिशोब नव्हता, असं मी तरी मानणार नाही. कार्डवाला फोन घेतलास तर तीन गोष्टी सांभाळ. एक, सिमचा ट्रे हायब्रिड आहे का बघ. तसा असेल तर दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्ही नाही. दोन, अँड्रॉइड कार्डाला 'अंतर्गत मेमरी' करू का विचारेल, तिथे नाही म्हण. हो म्हटलंस तर कार्ड त्या फोनच्या किल्लीने कुलूपबंद होतं आणि फोन मेला की फोटोही गेले; एरवी तेच कार्ड काढून दुसरीकडे वाचता आलं असतं. तीन, नवं कार्ड वापरायच्या आधी पूर्ण भरून परत वाचून बघ, एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे संगणकावरचे प्रोग्रॅम हे काम करतात. नकली कार्ड ५१२ जीबी असल्याचं सांगतं, आत ३२ असतात, आणि भरल्यावर जुन्या फायलींवरच नव्या लिहीत सुटतं. तोवर सगळं झकास चाललंय असं वाटतं.

बॅटरी. इथे वारा थोडा फिरलाय. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे. फोनसाठी पळवाट आहे: १,००० चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता टिकवणारी आणि पाण्याला दाद न देणारी रचना असेल तर बॅटरी कारागिराने बदललेली चालते. म्हणजे चपट्या फोनची झाकणं पूर्वीसारखी नखाने उघडतील अशी आशा धरू नकोस, पण बॅटरी जास्त टिकेल आणि सुटे भाग मिळतील.

जुना मिनी किंवा कॉम्पॅक्ट शोधून घेण्याचा तुझा बेत मात्र मला अर्धाच पटतो. झेड३ कॉम्पॅक्टसारख्या जुन्या फोनांना नवी अॅप्स चालत नाहीत, सुरक्षेचे अपडेट कधीच थांबलेत, आणि ४जीवरून कॉल करण्याची सोय तुझ्या नेटवर्कवर चालेलच असं नाही. ३जी बंद झालेल्या ठिकाणी असा फोन बोलण्यासाठी निरुपयोगी. १३ मिनी त्यातल्या त्यात शहाणपणाचा. घेताना सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ (मूळ क्षमतेपैकी किती उरली) बघ, ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव कर. आणि 'नवी' बॅटरी म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेला सेल गळ्यात मारतात, तेव्हा त्यावरची उत्पादनाची तारीख वाच. लिथियमचा सेल न वापरताही म्हातारा होतो. पडद्याची कड उचललेली दिसली किंवा फटीतून उजेड आला, तर बॅटरी फुगलीय. दाबून बसवायला जाऊ नकोस, घेऊच नकोस.

सूचनांचा लुकलुकता दिवा, टीव्हीचा रिमोट होणारा इन्फ्रारेड, मागच्या बाजूचा बोटाचा सेन्सर यांचं दुःख मी लांबवत नाही. इन्फ्रारेड शाओमी अजून देते. पडद्याखालचा सेन्सर घेतलास तर टेम्पर्ड ग्लास लावल्यावर बोट पुन्हा नोंदव. काच आणि पडद्यात हवा राहिली की तो बोट ओळखत नाही.

मोठाच घ्यावा लागला तर एवढं कर. पिक्सेलसारख्या साध्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग, सिस्टिम, जेश्चर्स, तिथे एकहाती मोड. तळाच्या कडेवर बोट खाली ओढलं की पडदा अर्ध्यावर उतरतो. आयफोनमध्ये हेच अॅक्सेसिबिलिटी, टच, रीचेबिलिटी. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डात स्वल्पविराम दाबून धरलास की एकहाती मांडणी मिळते. ब्राउझरची पत्त्याची पट्टी तळाशी आण. या एका बदलाने अंगठ्याची निम्मी पायपीट वाचते.

आणि मागवण्याआधी पुठ्ठा घे. निवडलेल्या फोनची उंची आणि रुंदी कव्हरच्या चार मिमीसह आखून काप, जाडीला पुरतील इतके थर चिकटव, आणि मधे नाणी घालून वजन बरोबर कर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोल. करंगळी खाली टेकवून, पकड न सरकवता अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे ने आणि जिथपर्यंत पोचतो तिथे पेनाने खूण कर. दोन दिवस खिशात वागव, बसता-उठता टोचतो का बघ. खूण वरच्या कडेपासून किती मिमी खाली आली ते मला कळव, मग नाव सुचवतो.

तुझा,
सुहास