सूचना : पाखरांसाठी पाणवठे, रविवारी सकाळी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी, २२ मार्चला सकाळी ९ वाजता फोंड्याला वाचनालयामागच्या अंगणात जमायचे आहे. घरच्याच वस्तूंतून पक्ष्यांसाठी पाणवठे करू. मुलांना जरूर आणा.

येताना आणा :
- कुंडीखालची मातीची ताटली. डिचोलीच्या कुंभारांकडची मिळाली तर उत्तमच. गुळगुळीत प्लास्टिक नको, त्यावर पाय घसरतात.
- दोन-चार खडबडीत दगड
- टांगायचे असेल तर सुंभ

ताटलीखाली बैठक म्हणून ठेवायला चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) अंगणात आहेत.

पाणी कडेला जेमतेम एक इंच, मध्ये फार तर दोन इंच. बुलबुल, दयाळ यांना एवढे पुरते. खोल पाण्यात ती उतरतच नाहीत. ताटली खोल असेल तर मध्ये दगड ठेवा. जागा सावलीची, फांदी जवळ असलेली, पण मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाला अगदी चिकटून नको.

एक नियम मात्र सर्वांनी पाळायचाच : पाणी रोज बदलायचे आणि ताटलीची कड काथ्याने घासायची. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी कडेला चिकटतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास तयार होऊ शकतात. साबण वापरू नका. गावाला जाणार असाल तर ताटली पालथी घालून जा किंवा शेजाऱ्यांना सांगून ठेवा. रोज एवढे जमणार नसेल, तर पाणवठा न ठेवलेलाच बरा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटात नाव कळवावे.