लाल डबा एडिसनमध्ये

एडिसन, न्यू जर्सी
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आज पहाटे इथली घड्याळं तासभर मागे गेली. पोरांना ते कोण सांगणार? पाचलाच उठून बसली. मग मीही चहा घेऊन हे पत्र लिहायला बसले. परवा फोनवर आई म्हणाली, "ऐन नरकचतुर्दशीला पोरांना भुतं करून दारोदार मागायला पाठवतेस?" तेव्हापासून ते डोक्यात आहे. सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा इथला हॅलोविन यंदा नेमका त्याच दिवशी आला.

आई, एक तर भूत कुणीच झालं नव्हतं. पहाटे तू पाठवलेलं उटणं लावून अभ्यंगस्नानही झालं. कारीट इथे कुठून आणणार? थोरल्याने अंगणातलं ओकचं फळ टाचेखाली ठेवलं. ते काही फुटलं नाही, टाच मात्र दुखली.

काय व्हायचंय विचारलं, तर म्हणाला, "एसटी." जुलैत बाबांनी त्याला साताऱ्याहून वाईला नेलं, खिडकीतून पाऊस अंगावर आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यातून ती गाडी उतरलेली नाही. दुकानात चाळीस-चाळीस डॉलरला डायनासोर मिळतात, एसटी कुठे मिळणार? मग मायक्रोवेव्हचा खोका काढला. वरून-खालून कापला, जुन्या दप्तराचे पट्टे खांद्याला लावले. पुठ्ठा रंग इतका पितो की पहिला हात दिल्यावर गाडी गेरूची दिसत होती, तिसऱ्या हाताला लाल झाली. कागदी ताटल्यांची चाकं, काळ्या चिकटपट्टीचे खिडकीचे गज. पाटीवर मी "सातारा–वाई" लिहिलं. मागे "हात दाखवा, गाडी थांबवा" हवंच, असा त्याचा हट्ट. बाबा, हे तुम्हीच शिकवलेलं! शिवाय गुलाबी कागदाची तिकिटं आणि माझ्या ऑफिसातलं पंचिंग मशीन.

दरवर्षी या दिवशी थंडी असते. पोशाखावर जाकीट चढवावं लागतं आणि केलेलं सगळं झाकलं जातं. म्हणून यंदा पट्टे स्वेटरवरून मोजून घेतले. तर त्या दिवशी पारा २७च्या वर! ऑक्टोबरभर पाऊस जवळजवळ नाहीच, रस्त्यावरची पानं पापडासारखी मोडत होती. नुसत्या टीशर्टवर पट्टे ढिले पडले आणि तिसऱ्या घरापाशी एसटी गुडघ्यावर आली. चिकटपट्टी खिशात होती म्हणून वाचलो. धाकटी चिऊ मांजर झाली होती. तुझ्या जुन्या काळ्या परकराची शेपटी मी धावदोरा घालून शिवली होती. दुसऱ्याच घरी तिने कान काढून माझ्या हातात दिले. "मी मांजर नाही, मी चिऊ."

मागण्याचं म्हणशील, तर संक्रांतीला आम्ही डबा घेऊन गल्लीभर फिरायचो, ते आठव. तिळगूळ द्यायला जायचो आणि डबा भरूनच परत यायचो. इथेही ज्याच्या दारावरचा दिवा चालू त्याच्याकडेच जायचं, दिवा बंद असेल तर पुढचं घर. आणि आयर्लंडकडून आलेल्या या सणात त्या रात्री मेलेली माणसं घरी येतात अशी जुनी समजूत होती. पितृपक्ष करणाऱ्या घराला यात अशुभ ते काय? तिकडे सलगम कोरून दिवा ठेवायचे, इथे भोपळा मिळाला. भोपळ्याचा गर वाया घालवला नाही, घारगे केले. (इथला भोपळा पाणचट. गूळ जास्त लागला.)

चिऊच्या शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची काळजी तुला आहेच. काही घरांबाहेर हिरवट निळा भोपळा ठेवतात. त्याचा अर्थ, इथे खाऊ नसलेलं काहीतरीही मिळेल. तिथून तिने स्टिकर आणि उड्या मारणारा चेंडू आणला. बाकीची चॉकलेटं मी वेष्टणं वाचून निवडली. शेंगदाण्याची सगळी थोरल्याच्या बापाने ऑफिसला नेली, थोरला अजून त्याच्याशी बोलत नाही.

जो तो विचारायचा, "फायर ट्रक का?" तोही दर दारात न कंटाळता, "नो, इट्स एसटी." कोपऱ्यावर एक एकट्या आजी राहतात. त्यांनी चॉकलेट दिलं, तर याने पंच मारून तिकीट फाडलं. त्यांनी चष्मा लावून ते बघितलं आणि विचारलं, गाडी किती वाजता पोचेल? हा म्हणाला, पाऊस नसेल तर तासाभरात.

आणि बाबा, व्हिडिओवर सगळ्यांनी वा वा केलं, तुम्ही मात्र आधी चूक काढलीत: दार उजवीकडे कसं? इथल्या स्कूलबसचं रोज बघून माझा हात तसाच गेला. काल त्याने माझ्याकडून डावीकडे नवं दार कापून घेतलं. जुनं बुजवायला निघाले, तर अडवलं. आता त्याच्यावर स्केचपेनने वाकड्या अक्षरांत लिहिलंय: "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग."

तुमची,
ताई