कॉर्न स्नेकचा मॉर्फ एका फोटोवरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईत कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप पाळणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न एकच असतो: आमच्या सापाचा मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा प्रकार, कोणता? सोबत एक फोटो, बहुतेक वेळा रात्री पिवळ्या दिव्याखाली, साप हातात गुंडाळलेला असताना काढलेला. अशा फोटोवर ‘हायपो’ (काळेपणा कमी असलेला), ‘लॅव्हेंडर’ (जांभळट-करडा) असे छातीठोक उत्तर देणारेही भेटतात. ते मानू नये. त्या उजेडात साधा नॉर्मल (मूळ रानटी रंगाचा) सापही हायपो वाटतो, आणि कात टाकायला आलेला कोणताही साप मळकट, निळसर दिसतो.

डोळे दुधाळ झाले की कात सुटेपर्यंत थांबा. कात टाकल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत रंग सर्वांत खरा असतो. फोटो सकाळी खिडकीपाशी काढा. थेट ऊन नको, फ्लॅश बंद. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. फोटोत कागदच पिवळट आला, तर सापाच्या रंगावरही विसंबता येत नाही. पोटाचा फोटो हवाच, पण त्यासाठी सापाला उलटे करू नका. भोके पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात त्याला सोडा, झाकण लावा, डबा उचलून धरा आणि खालून फोटो घ्या. खाणे दिल्यावर ४८ तास मात्र त्याला हात लावू नये, नाहीतर गिळलेला उंदीर ओकून टाकतो.

पोट पाहिल्याशिवाय मॉर्फबद्दल बोलूच नये. नॉर्मल कॉर्न स्नेकच्या पोटावर मक्याच्या रंगीत कणसासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. अंगावर काळा रंग कुठेच नाही आणि डोळे लाल, तर तो अ‍ॅमेल. त्याच्यात मेलानिन (काळे रंगद्रव्य) तयार होत नाही. पोटावर चौकटीच नसतील, तर रंग क्षणभर बाजूला ठेवून नक्षी पाहा. मोटलीत पाठीवरचे डाग कडांनी जोडले जातात आणि मधे गोल ठिपके उरतात. स्ट्राइपमध्ये अंगभर लांब रेषा जातात. डिफ्यूज्डमध्ये कुशीवरची नक्षी पुसट होत जाते. डोळा काळाही नाही आणि लालभडकही नाही, गडद माणिक रंगाचा आहे, तर अल्ट्रामेल या मॉर्फची शक्यता धरावी. त्याला हायपो समजण्याची चूक सर्रास होते.

खरा घोळ पिल्लांचा. अ‍ॅनरी, चारकोल आणि कॅरॅमल या तिन्ही मॉर्फची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा करडी-तपकिरीच असतात. वाढता वाढता कॅरॅमलवर पिवळेपणा चढतो. अ‍ॅनरीच्या हनुवटीखाली आणि मानेच्या कडेला पिवळी झाक येते, चारकोलला ती बहुधा येत नाही. म्हणजे दोन महिन्यांच्या करड्या पिल्लावर कोणी ‘चारकोल’ अशी चिठ्ठी लावून जादा पैसे मागत असेल, तर आईबाप कोणते, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. अ‍ॅनरी आणि चारकोल ही वेगवेगळी अप्रभावी जनुके आहेत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आली तरच रूपात दिसणारी. दोघांची जोडी लावली आणि एकाकडेही दुसऱ्याचे जनुक लपलेले नसेल, तर सगळी पिल्ले नॉर्मल दिसतात. वाढलेल्या पांढऱ्या सापांचेही तसेच, दिसायला सारखे पण जनुके वेगळी: स्नो म्हणजे अ‍ॅमेल अधिक अ‍ॅनरी, ब्लिझर्ड म्हणजे अ‍ॅमेल अधिक चारकोल.

ओकीटी, मायामी, कँडीकेन ही नावे आणखी फसवी. यांच्यामागे एखादे ठरावीक जनुक नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेले हे रूप आहे. जाड काळ्या कडांचा, गडद केशरी साप म्हणजे ओकीटी, पण त्याची पिल्ले तशीच निघतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. ‘हेट’ (एकाच पालकाकडून आलेले, लपलेले जनुक बाळगणारा साप) तर डोळ्यांना ओळखू येतच नाही. दोन्ही पालक अ‍ॅमेलसाठी हेट असतील, तर सरासरी चारातले एक पिल्लू अ‍ॅमेल निघते, आणि उरलेली नॉर्मल दिसणारी पिल्ले हेट असण्याची शक्यता ६६ टक्के.

नावाचा आग्रह हौसेपुरता नाही. सनकिस्ड या मॉर्फच्या वंशात स्टारगेझर नावाचा अप्रभावी मज्जादोष सापडला आहे. दोन वाहक साप एकत्र आले, तर काही पिल्लांना तोल सावरता येत नाही. ती मान वर फिरवत राहतात, पाठीवर उलटी होतात. वाहक साप मात्र दिसायला ठणठणीत. सनकिस्डमध्येही हायपोसारखाच काळेपणा कमी असतो. तो ‘हायपो’ म्हणून विकला गेला, तर पुढे जोडी लावणाऱ्याला या धोक्याचा पत्ताच लागत नाही. टाकलेल्या कातीवरून या दोषाची आणि बऱ्याच मॉर्फची जनुकचाचणी होते, अमेरिकेत तशा प्रयोगशाळा आहेत. म्हणून कात कोरडी करून कागदी पाकिटात, तारीख लिहून ठेवावी. आणि आपल्या भागातल्या विक्रेत्यांना व ब्रीडरना कळकळीची विनंती: बिलावर नुसते गोंडस नाव नको. आईबापांचे मॉर्फ, खात्रीचे हेट, शक्यतेचे हेट आणि पिल्लाची जन्मतारीख एवढे लिहून द्या.

एक गोष्ट आवर्जून. येऊर, पारसिक किंवा खारघरच्या डोंगरालगतच्या सोसायटीत पिवळट-पांढरा, लाल डोळ्यांचा साप दिसला, तर तो कोणाचा तरी सुटलेला अ‍ॅमेल किंवा स्नो असेल असे समजून उचलू नका. रंगद्रव्य नसलेले नागही सापडतात. मानेवर दोन काळ्या रेषा, अंगाच्या मागच्या भागात कडेने गडद पट्टे आणि पोट कोरे असलेला तपकिरी साप कोणी कॉर्न स्नेकचा नवा मॉर्फ म्हणून विकत असेल, तर तो आपल्याकडचा तस्कर जातीचा साप असण्याची दाट शक्यता आहे. तो बिनविषारी असला तरी इथला रानातला साप आहे, आणि असे साप पकडणे, पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. दोन्ही वेळा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि साप जिथे आहे तिथून माणसे लांब ठेवावीत.

– एक सर्पपालक, घणसोली, नवी मुंबई